करकोच्यांचा शिष्य

छत्रपती संभाजीनगरहून (औरंगाबादहून) वेरूळच्या वाटेने निघाले, की वाटेत दौलताबादचा, म्हणजेच प्राचीन देवगिरीचा किल्ला लागतो. तासून काढलेल्या त्या उभ्या कड्यापाशी दुपारच्या प्रहरी क्षणभर थांबले, तर आकाशात बहुधा एखादी घार घिरट्या घालताना दिसते. ती पंख हलवीत नाही. नुसते पसरून धरते. तरीही ती खाली न येता वर वर चढत जाते. पुढे वेरूळच्या लेण्यांत शिरावे, तर तेथील भिंतींवर कोरलेले गंधर्व आणि विद्याधर हेही उडतच असतात. परंतु त्यांस पंख नाहीत. दुमडलेले पाय आणि देहाचा डौल यांवरून ते अंतराळात आहेत हे पाहणाऱ्याने ओळखावयाचे. देवलोकीच्या जीवांना शिल्पकाराने पंखांची गरजच ठेवली नाही. माणसाला मात्र ही सवलत नव्हती. त्याला उडावयाचे असेल, तर घारीसारख्या पक्ष्यापाशीच शिकावयास बसणे भाग होते. असे शिकावयास बसलेला, आणि तेही हाती मोजपट्टी व तराजू घेऊन बसलेला, एक जर्मन कारागीर एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव ऑटो लिलिएन्थाल.

जर्मनीच्या उत्तरेकडील पोमेरेनिया प्रांतात आंक्लाम नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे २३ मे १८४८ रोजी ऑटोचा जन्म झाला. त्याच्या पाठोपाठ पुढच्याच वर्षी गुस्टाव्ह हा धाकटा भाऊ जन्मास आला. आठ भावंडांपैकी जगली ती तीनच : हे दोघे भाऊ आणि मारी ही बहीण. वडिलांचा कापडाचा व्यापार बुडाला. सारे घरदार घेऊन अमेरिकेस जावे असा त्यांचा बेत चालू असतानाच १८६१ साली त्यांचे निधन झाले. मुलांचा सारा भार आईवर पडला. पण त्या माउलीने मुलांच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही, आणि त्यांच्या विचित्र छंदांनाही आडकाठी केली नाही.

हे छंद कोणते, ते सांगितले पाहिजे. आंक्लामच्या सभोवार ओलसर कुरणे पसरलेली होती आणि त्या कुरणांत पांढरे करकोचे बेडूक टिपीत हिंडत असत. लाल पायांचा, लांब लाल चोचीचा हा मोठा पक्षी युरोपात घरांच्या छपरांवरही घरटे बांधतो. त्याचेच भाऊबंद हिवाळ्यात मध्य आशियातून आपल्या देशात उतरतात. दोघे भाऊ तासन्‌तास या पक्ष्यांकडे पाहत बसत. पुष्कळ मुले पक्ष्यांकडे पाहतात. पण या दोघांनी जे टिपले, ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पाठीशी वारा घेऊन ते करकोच्याजवळ गेले, तर तो दचकलेला पक्षी पलीकडे पळण्याऐवजी त्यांच्याच दिशेने उड्या मारीत येई आणि मग वर उठे. समोर शत्रू असतानाही त्याने शत्रूकडेच धाव का घ्यावी? मुलांनी विचार केला आणि उत्तर काढले : वारा त्या दिशेने येत होता. उडताना वाऱ्याकडे तोंड करणे पक्ष्याला इतके आवश्यक असते, की त्यापुढे त्याला माणसाचे भयही कमी वाटते.

मग स्वतःच पंख करून पाहण्याचे ठरले. ऑटो तेव्हा चौदा वर्षांचा होता. लाकडाच्या पातळ फळ्यांचे सुमारे दोन मीटर लांबीचे पंख तयार झाले. ते हातांना बांधून दोघे भाऊ टेकडीच्या उतारावरून धावत सुटत. हा उद्योग ते रात्री, चांदण्यात करीत. कारण दिवसा शाळूसोबत्यांनी पाहिले असते, तर त्यांनी टिंगल करून बेजार केले असते. उड्डाण अर्थातच झाले नाही. पंख मोडले, गुडघे फुटले, आणि दोघेही अंथरुणात येऊन निजले.

पुढे ऑटोने पोट्सडाम येथे धंदेशिक्षण घेतले, बर्लिनच्या एका यंत्रकारखान्यात उमेदवारी केली आणि तेथील औद्योगिक विद्यालयात यंत्रशास्त्राचा अभ्यास केला. हे दिवस मोठ्या हलाखीचे होते. तरी पंखांचे वेड सुटले नाही. १८६७ च्या सुमारास दोघा भावांनी पायांच्या जोराने पंख फडफडविणारे एक यंत्र बांधले. ते दोरीने टांगून, दोरीच्या दुसऱ्या टोकास कप्पीवरून वजन अडकविले, म्हणजे यंत्राचा काही भार ते वजन पेलून धरी. जिवाच्या आकांताने पाय मारल्यावर निम्मा भार पंख उचलीत; उरलेला निम्मा काही केल्या उचलेना. दुसरा कोणी असता तर निराश झाला असता. ऑटोने या अपयशाचीही नोंद करून ठेवली. माणसाच्या स्नायूंत किती बळ आहे आणि ते किती अपुरे आहे, याचा आकडा त्याच्या हाती आला होता.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले, तेव्हा तो स्वयंसैनिक म्हणून गेला. युद्ध संपवून परत आला तो पुन्हा पंखांकडे. परंतु काळ प्रतिकूल होता. हेल्महोल्ट्झ हा त्या काळचा जर्मनीतील थोर शास्त्रज्ञ. त्याने १८७३ साली गणिताने असे दाखविले, की माणूस केवळ आपल्या स्नायूंच्या बळावर पंख हलवून उडू शकेल हे संभवनीय नाही. हे विधान खोटे नव्हते. ऑटोच्या टांगलेल्या यंत्रानेही तेच सांगितले होते. पण लोकांनी त्याचा अर्थ भलताच घेतला. पंखांच्या साहाय्याने उडणे मुळातच अशक्य असून त्या नादी लागणारा मनुष्य भ्रमिष्ट होय, असे सुशिक्षित मंडळीही म्हणू लागली. आकाशात जावयाचे तर फुग्यातून जावे, असा तेव्हाचा रिवाज होता. म्हणून लिलिएन्थाल बंधूंनी आपले प्रयोग चालविले ते फारसा गाजावाजा न करता.

१८७४ सालचे हे प्रयोग म्हणजे ऑटोच्या जीवनातील खरा गाभा होय. त्याने एक उभा खांब घेतला आणि त्यावर गरगर फिरेल असा एक आडवा दांडा बसविला. दांड्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराचे लहान पत्रे लावले. दोरीला बांधलेली वजने खाली उतरू लागली की दांडा फिरे, आणि पत्रे हवेतून वेगाने जात. ते किती जोराने वर उचलले जातात आणि हवा त्यांना किती मागे ओढते, हे दोन्ही तो मोजी. पत्रा थोडा तिरपा करावयाचा, पुन्हा मोजावयाचे; आणखी थोडा तिरपा करावयाचा, पुन्हा मोजावयाचे. सपाट पत्रा झाला की बाक दिलेला पत्रा. पुढे मोकळ्या माळावर, नैसर्गिक वाऱ्यातही त्याने अशीच मोजमापे घेतली.

त्या कंटाळवाण्या आकड्यांतून एक नवलाची गोष्ट बाहेर आली. पंखाला वरच्या बाजूने किंचित फुगीर असा बाक दिला, तर सपाट पंखाच्या मानाने त्याची उचल पुष्कळच वाढते आणि मागे खेचणारा जोर त्या प्रमाणात वाढत नाही. फार काय, सपाट पत्रा वाऱ्यात अगदी आडवा धरला तर तो मुळीच उचलला जात नाही. बाकदार पत्रा मात्र तसा धरला तरी वर उचलला जातो. हा बाक फार खोल असून चालत नाही. पंखाच्या रुंदीच्या सुमारे बाराव्या हिश्शाइतका बाक त्याला उत्तम वाटला. करकोच्याचा पंख हाती घेऊन पाहिला तर त्यालाही असाच हलका बाक असतो. जे पक्ष्यापाशी सदैव होते, ते आता कागदावर आकड्यांच्या रूपाने उतरले.

बाकदार पंखाला ही उचल कोठून मिळते? याचा पडताळा कोणत्याही मुलाला घरी पाहता येतो. वहीच्या पातळ कागदाची तीन बोटे रुंद पट्टी कापावी, तिचे एक टोक खालच्या ओठाखाली धरावे आणि पट्टीच्या वरून जोराने फुंकर घालावी. लोंबणारी पट्टी खाली दबण्याऐवजी वर उठते. त्याहून चांगला प्रयोग पोस्टकार्डाचा आहे. जाड कागद मधून दुमडून त्याच्या दोन्ही कडा एकमेकींस चिकटवाव्यात, मात्र वरचा भाग किंचित फुगीर राहील असे पाहावे. या पंखात पुढच्या बाजूस आरपार भोक पाडून त्यात एक लहान नळी बसवावी, नळीतून दोरा ओवावा आणि दोरा वरून खाली ताठ ताणून धरावा. आता दुमडीची गोल बाजू टेबलपंख्याकडे केली, की कागदी पंख दोऱ्यावरून सरसर वर चढतो. तसाच सपाट कागद आडवा ओवला, तर तो जागचा हालत नाही; त्याची पुढची कड थोडी उचलून धरली, तरच त्याला उचल मिळते. संक्रांतीचा पतंग याच कारणाने उडतो. तो जवळजवळ सपाट असतो, पण कन्नी बांधणारा त्याला वाऱ्यात तिरपा राहील असा तोल देतो.

कारण असे की, पंखावरून जाणारी हवा त्याच्या फुगीर पाठीला धरून वळते आणि मागच्या कडेवरून खालच्या दिशेने निघून जाते. तिरप्या पंखाखालची हवाही खाली ढकलली जाते. पंख हवेला खाली लोटतो, म्हणून हवा पंखाला वर लोटते. पंखाच्या वर हवेचा दाब कमी होतो, खाली तो त्या मानाने अधिक राहतो, आणि दाबातील या फरकावर पक्ष्याचा सारा भार तोलला जातो. वरची हवा लांबच्या वाटेने जाते, म्हणून खालच्या हवेला मागच्या कडेशी वेळेवर गाठण्यासाठी ती धावते, असे एक स्पष्टीकरण काही पुस्तकांत आढळते. ते बरोबर नाही. हवेच्या कणांनी पुन्हा भेटण्याचा असा करार केलेला नसतो. उलट वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पुढे निघून जाते. राहता राहिली देवगिरीवरची घार. तापलेल्या कातळावरून ऊन हवा वर उठत असते. घार तिच्या पंखांनी त्या हवेतून हळूहळू खालीच घसरत असते. पण हवा स्वतः त्याहून वेगाने वर जात असल्यामुळे घारही तिच्याबरोबर वर जाते.

हे आकडे हाती आल्यावर ऑटोने ते पंधरा वर्षे प्रसिद्ध केले नाहीत. आधी पोटापाण्याची व्यवस्था लागावयाची होती. १८७८ साली त्याने आग्नेस फिशर या युवतीशी विवाह केला आणि त्यांस चार अपत्ये झाली. १८८३ साली त्याने बर्लिनमध्ये लहान बॉयलर व वाफेची एंजिने करण्याचा कारखाना काढला. नागमोडी नळ्यांचा हा बॉयलर फुटण्याचा धोका फार कमी असे; त्यामुळे लहान कारखानदारांना तो उपयोगी पडला. १८९० पासून कारखान्याच्या नफ्यातील शेकडा पंचवीस हिस्सा तो कामगारांना वाटू लागला. त्या काळी असे करणारा मालक विरळाच.

याच सुमाराची आणखी एक हकीकत मुलांना आवडेल. गुस्टाव्ह हा वास्तुशिल्पी होता आणि लहान मुलांना वस्तू हाताळून शिकू द्यावे या मताचा होता. दोघा भावांनी मिळून वाळू, खडू आणि जवसाचे तेल यांच्या मिश्रणापासून लहान लहान रंगीत विटा तयार केल्या. त्या विटांनी मुलांना घरे, कमानी, मनोरे रचता येत. व्यापार मात्र दोघांनाही जमला नाही. त्यांनी ही युक्ती थोडक्या पैशांत दुसऱ्यास विकली आणि मग त्या विटांनी जगभर नाव मिळविले. एका पिढीची मुले त्यांवर खेळली. त्या कोणी बनविल्या हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

१८८९ साली अखेर ऑटोने आपला ग्रंथ छापला. पक्ष्यांचे उड्डाण हा उड्डाणकलेचा पाया आहे, हा त्याचा विषय. त्यासाठी त्याने आपल्या बागेत करकोच्यांची पिले पाळली होती. ती उडावयास कशी शिकतात हे तो रोज पाही. ग्रंथ फारसा खपला नाही. पण ऑटो आता कागदावर थांबणार नव्हता. लिहिलेले खरे आहे की नाही, हे पाहण्याचा एकच मार्ग त्याला दिसत होता : स्वतः पंखांखाली लटकावयाचे. त्याचे वय तेव्हा चाळिशीच्या पुढे होते आणि पदरी बायकामुले होती.

१८९१ साली पोट्सडामजवळ डेर्विट्झ येथे त्याने पहिल्या यशस्वी उड्या घेतल्या. त्या वीस-पंचवीस मीटरांहून लांब नव्हत्या. विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या लवचीक काठ्या वाकवून सांगाडा करावयाचा आणि त्यावर सुती कापड ताणून बसवावयाचे, अशी या पंखांची रचना असे. त्याच्या प्रसिद्ध ग्लायडरचे पंख टोकापासून टोकापर्यंत पावणेसात मीटरांच्या आसपास लांब होते आणि साऱ्याचे वजन वीस किलोच्या घरात होते. त्यात एंजिन नव्हते, बसावयास जागाही नव्हती. कोपरांवर भार देऊन त्याने त्यात लटकावयाचे, उतारावरून वाऱ्याकडे तोंड करून धावत सुटावयाचे आणि पाय जमिनीवरून सुटले की देह पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवून तोल सांभाळावयाचा. वाऱ्याकडे तोंड करून धावणे हा धडा आंक्लामच्या कुरणातला.

उड्या वाढत गेल्या. ऱ्हिनो गावच्या टेकड्यांवरून तो अडीचशे मीटरांपर्यंत तरंगत जाऊ लागला. १८९४ साली त्याने बर्लिनजवळ लिश्टरफेल्डे येथे स्वखर्चाने पंधरा मीटर उंचीची एक गोल टेकडी रचून घेतली. वीटभट्टीच्या खाणीतून निघालेली टाकाऊ माती त्यासाठी उपयोगी पडली. टेकडी चहूबाजूंनी सारखी उतरती; म्हणजे वारा कोणत्याही दिशेचा असो, त्याला सामोरे जाता यावे. माथ्यावर एक खोपटे होते, त्यात पंख ठेवीत. रविवारी तेथे बघ्यांची गर्दी जमे. हसावयास आलेले लोक मान वर करून स्तब्ध उभे राहत. पाच वर्षांत त्याने दोन हजारांहून अधिक उड्या घेतल्या. त्या सगळ्या उड्यांचा काळ एकत्र केला तर तो कसाबसा पाच तास भरेल, असा हिशेब पुढे विल्बर राइटने मांडला. या पाच तासांसाठी पाच वर्षे खर्ची पडली होती.

त्या वेळी छायाचित्रणकलाही नुकतीच चपळ झाली होती. उडत्या लिलिएन्थालची छायाचित्रे निघाली आणि ती देशोदेशींच्या नियतकालिकांत छापली गेली. पंखांवर आरूढ झालेला मनुष्य जगाने प्रथम पाहिला तो या चित्रांत. अमेरिकेहून लँग्ली, रशियाहून झुकोव्ह्‌स्की, इंग्लंडातून पिल्चर असे जाणकार १८९५ साली त्याला भेटावयास आले. त्याच वर्षी मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी एक विमान उडविल्याची कथा महाराष्ट्रात पुष्कळदा सांगितली जाते. तिच्या पाठीशी मोजमाप नाही आणि छायाचित्रही नाही, म्हणून शास्त्राच्या इतिहासात तिला जागा देता येत नाही. लिलिएन्थालने आपल्या प्रत्येक पायरीचा हिशेब मागे ठेवला, हेच त्याचे वेगळेपण.

त्याच्या पद्धतीत एक उणीव होती आणि ती त्याला कळतही होती. देह झुकवून तोल सांभाळणे हे मंद वाऱ्यात जमते. अचानक जोराचा झोत आला, तर माणसाचे वजन अपुरे पडते. यावर तो उपाय शोधीत होता. ९ ऑगस्ट १८९६ हा रविवार. श्टोलन गावाजवळच्या गोलेनबर्ग टेकडीवर तो नेहमीप्रमाणे उडू लागला. मधेच वाऱ्याच्या एका झोताने ग्लायडरचे तोंड वर उचलले गेले. पंख फार तिरपे झाले, वेग संपला, आणि पाठीवरून वाहणारी हवा पंखाला धरून राहीना. उचल नाहीशी झाली. पाय पुढे फेकून त्याने तोंड खाली आणण्याची शिकस्त केली, पण सुमारे पंधरा मीटर उंचीवरून तो कोसळला. त्याचा पाठीचा कणा मोडला. त्याला बर्लिनला नेण्यात आले. तेथे दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्ट रोजी, त्याने प्राण सोडला. त्याचे वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

त्याच्या मृत्यूची वार्ता अमेरिकेत डेटन गावी सायकली दुरुस्त करणाऱ्या दोघा भावांनी वाचली. विल्बर आणि ऑरव्हिल राइट हे ते भाऊ. त्यांनी लिलिएन्थालचे कोष्टक घेऊन १९०० व १९०१ साली ग्लायडर बांधले; परंतु हिशेबाप्रमाणे जितकी उचल मिळावयास हवी, तितकी मिळेना. लिलिएन्थालनेच मोजण्यात चूक केली असावी असा त्यांना संशय आला. तेव्हा त्यांनी एक लांबट पेटी केली, तिच्यातून पंख्याने वारा सोडला आणि दोनशेच्या आसपास छोटे पंख त्यात तपासले. लिलिएन्थालने ज्या आकाराचा पंख मोजला होता, त्यापुरते त्याचे आकडे बऱ्याच अंशी खरे होते. चूक होती ती हवेच्या दाबाविषयीच्या एका जुन्या, सर्वमान्य अंकात. तो अंक सर्वजण शंभराहून अधिक वर्षे विश्वासाने वापरीत आले होते. शिवाय राइट बंधूंच्या पंखांचा आकार वेगळा होता, आणि दुसऱ्या आकाराच्या पंखाला ते कोष्टक जसेच्या तसे लागू पडत नव्हते. तोल सांभाळण्यासाठी त्यांनी देह झुकविण्याऐवजी पंखांची टोकेच पिळण्याची युक्ती काढली. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे एंजिनाचे विमान बारा सेकंद हवेत राहिले.

गुस्टाव्ह पुष्कळ वर्षे जगला. फडफडणाऱ्या पंखांचा नाद त्याने म्हातारपणीही सोडला नाही; १९३३ साली त्याचे निधन झाले. २०१६ साली जर्मन संशोधकांनी ऑटोच्या ग्लायडरची हुबेहूब प्रतिकृती बांधून ती वातबोगद्यात तपासली. मंद वाऱ्यात तो ग्लायडर तोल राखून नीट तरंगू शकत होता, असे त्यांना आढळले.

लिश्टरफेल्डेची ती टेकडी अजून आहे. माती काढलेल्या खड्ड्यात पाणी साठून तळे झाले आहे. टेकडीवर जावयास पायऱ्या आहेत, आणि जेथे पंख ठेवण्याचे खोपटे होते, तेथे गोल छपराखाली पृथ्वीचा एक गोल बसविलेला आहे.